दोन वजनांची गोधडी

माझ्या बायकोची गोधडी मला पाहिजे होती. एवढंच. तिच्या बांगड्या सुनेनं घेतल्या, घेऊ दे. साड्या नात्यात वाटल्या, वाटू दे. तिच्या कपाटात आता नातवाची बॅट आणि घरातली हेल्मेटं असतात, त्यालाही मी काही बोललो नाही. कपाट रिकामं ठेवून काय ती परत येणार आहे? पण गोधडी माझी होती. निदान अर्धी तरी माझी होतीच. ती कशी, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही विक्रोळीच्या चाळीत राहायचो. मी कारखान्यात फिटर. शाळा सातवीपर्यंत, ती पण गावची, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील त्या पोटात घाला. कंपनीचा खाकी गणवेश मिळायचा. कापड असं की माणूस झिजेल पण शर्ट झिजणार नाही. कॉलर फाटायची, कोपर जायचं, पण पाठ तशीच घट्ट. नवा गणवेश आला की ही जुने शर्ट धुऊन, बटणं काढून, पेटीत ठेवायची. मी म्हणायचो, भांडीवालीला दे, एखादं पातेलं तरी येईल. ती म्हणायची, पातेल्याखाली झोपणार काय?

झोपेचं आमचं दोघांचं कधी जमलं नाही. मला गरम व्हायचं. भट्टीजवळ काम करून आलेलं अंग, रात्री पण निखाऱ्यासारखं. जानेवारीत सुद्धा मला पातळ चादर पुरायची. आणि तिला मे महिन्यातही अंगावर काहीतरी जड लागायचं. थंडी वाजते म्हणून नव्हे. जड पाहिजे म्हणून. वजन नसलं की ती रातभर कूस बदलत राही. एका खोलीत चार माणसं झोपायची, पांघरुणं ठेवायला जागा नाही, एक पेटी आणि एक माळा. दोघांना दोन वेगळी पांघरुणं घालायची तर ठेवणार कुठं? मग आमची रोज रात्री ओढाओढ. मी लाथाडायचो, ती ओढायची.

एका दिवाळीनंतर तिनं गोधडी शिवायला घेतली. जमिनीवर पसरून, चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पाण्याची कळशी आणि माझे बूट ठेवून. मी कामावरून आलो तर उभं राहायला जागा नाही. बघतो तर अर्ध्या भागात माझे खाकी शर्ट, थरावर थर. आणि अर्ध्या भागात नुसत्या तिच्या जुन्या सुती साड्या, दोनच थर, हात फिरवला तर लोणी. मी विचारलं, ही काय भानगड, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला दरी?

सुई तोंडात धरून ती म्हणाली, "तुमका गरम जाता, माका वजन व्हया. मगे एकाच गोधडीत दोगांचा भागवतंय. आता गप ऱ्हवा."

ती सावंतवाडीकडची. मुंबईत एवढी वर्षं काढली पण रागावली, लाडात आली किंवा सुई तोंडात असली की मालवणीच.

म्हणजे असं झालं की ती माझ्या शर्टांखाली झोपायची आणि मी तिच्या साड्यांखाली. हे मला तेव्हा कधी सुचलं नाही. मला वाटायचं, माझी बाजू पातळ आहे, बरी आहे. बाजू चुकून उलट्या पडल्या की अंधारात पण कळायचं, आणि ती झोपेतच गोधडी फिरवून घ्यायची.

आणखी एक तिची रीत होती, तिच्या आईकडून आलेली. गोधडीचे चार कोपरे बंद करताना प्रत्येक कोपऱ्यात चिमूटभर तांदूळ टाकायची आणि वरून तिकोनी तुकडा शिवायची. म्हणायची, उपाशी पांघरूण ऊब देत नाही. मी हसायचो. म्हटलं, उंदीर येतील तुझ्या पाहुणचाराला. आले नाहीत कधी. कोपरा बोटांत धरला की तांदूळ लागायचे, बारीक खड्यांसारखे. पोरं लहान असताना तो कोपरा चोळत झोपायची. माझा हा मुलगा तर फारच.

चाळ गेली, तिथं टॉवर झाला. आम्ही मुलाबरोबर मुलुंडला आलो, चौदाव्या मजल्यावर. मुलुंडला मागं डोंगर आहे, त्यामुळे घाटकोपर-विक्रोळीपेक्षा पहाटेचं वारं इथं जरा बोचतं. बाकी मुंबईत थंडी म्हणजे काय? पाहुणी. येते, चहा पिते, जाते. पण मुलाच्या घरात थंडी बारमाही. एसी लावायचा, खोलीचं महाबळेश्वर करायचं आणि मग जाड पांघरूण घेऊन कुडकुडत झोपायचं. मी एकदा म्हटलं, बाबा रे, दोन्ही नको की, खिडकी उघड. मुलगा म्हणाला, डास येतात. सून म्हणाली, धूळ येते. घर त्यांचं.

पांघरुणाचं शास्त्र हिला पाठ होतं, आणि ते तिनं कुठं वाचलेलं नव्हतं. होळी झाली की जाड पांघरूण वर जायचं. आधी दोन उन्हं दाखवायची, उलटी सुलटी, मग कडुलिंबाचा पाला घालून बांधायचं. डांबरगोळ्या नाहीत. त्यांचा वास झोपेत नाकात जातो म्हणायची. पावसाळ्यात कापसाची रजई अंगावर घ्यायची नाही, कापूस ओल पितो आणि सकाळी हाडं धरतात. त्या दिवसांत चादरीवर चादर. कोजागिरीनंतर ऑक्टोबरचा ताप उतरला की गोधडी खाली. आणि नवीन पांघरूण विकत घ्यायचं झालं तर दुकानात उभं राहून त्याच्या घडीत हात घालून ठेवायची, दुकानदाराशी गप्पा मारत. हाताला ऊब आली तर ठेव. तळव्याला घाम आला तर टाक. दुकानदार वैतागायचे. ही ढिम्म.

सुनेनं एसीसाठी ती नवी फुगीर पांघरुणं आणली, ज्यांना खोळ वेगळी असते, तेव्हा हिनं तशीच परीक्षा घेतली होती. आत हात घालून बसली, मग काढून सुनेच्या गालाला लावला. "घाम," म्हणाली. सून हसली. म्हणाली, आई, हे ऑल सीझन आहे. ही म्हणाली, म्हणजे कुठल्याच सीझनचं नाही.

तेव्हा सगळे हसलो होतो. सून पण. हे मुद्दाम लिहितो. सून वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. वाईट असती तर सोपं झालं असतं.

ही श्रावणात गेली. आधी पोटाचं दुखणं, मग हॉस्पिटल. तिथला एसी म्हणजे शवागार. तिनं गोधडी मागितली. मी बसनं घेऊन गेलो, नर्सबाई नको म्हणत होत्या, पण मी ऐकलं नाही. जड बाजू तिच्या अंगावर घातली, पातळ बाजू पायथ्याशी दुमडून ठेवली. शेवटपर्यंत ती तिच्या अंगावर होती. मग तिथल्या लोकांनी ती पिशवीत भरून मुलाच्या हातात दिली आणि मुलानं गाडीच्या डिकीत ठेवली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर मला काही दिसत नव्हतं.

बाराव्याला शय्यादान होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागेल म्हणून अंथरूण-पांघरूण, उशी, छत्री, चपला, तांब्या-भांडं असं सगळं नवं आणून गुरुजींना देतात. दिलेलं तिला पोचतं असं म्हणतात. मुलानं सगळं आणलं होतं. काही कमी केलं नाही. भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये एका बाजूला गादी घातली, उशी ठेवली, त्यावर पांढरं शुभ्र फुगीर पांघरूण, सुनेच्या खोलीत असतं तसंच, फक्त खोळ नव्हती. पायाशी चपला. ही सवाष्ण गेली म्हणून गुरुजींनी पांघरुणाच्या काठाला हळदीकुंकू लावलं, वर काळे तीळ आणि तुळशीचं पान टाकलं, मुलाच्या हातून पाणी सोडलं. ते अंथरूण असं दिसत होतं की आता ती पदर खोचत येईल आणि म्हणेल, एवढ्या हलक्या पांघरुणात माका झोप येवची नाय. मला ते बघवेना. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. सगळं आटपलं तेव्हा मुलगा बोलवायला आला. "झालं, बाबा. सगळं दिलं."

सगळं दिलं. हे त्याचे शब्द.

घरी आल्यावर एक-दोन दिवसांनी मी गोधडी मागितली. म्हणाला, बेडच्या खणात ठेवलीय, वर गाद्या आहेत, काढायला लागतील. मी म्हटलं बरं. गणपतीत परत विचारलं. सून म्हणाली, आत्ता कशाला बाबा, किती उकडतंय, थंडी पडू दे. ते पण खरं होतं. हीच म्हणाली असती, कोजागिरी होऊ दे. मग मी कोजागिरीची वाट बघत बसलो. म्हाताऱ्या माणसाला वाट बघायला काहीतरी लागतं. ऑक्टोबरात अंगाची लाही होत होती आणि मी एकटाच थंडीची वाट बघत होतो. बागेत बाकावर बसणारे माझ्यासारखेच दोन-चार जण आहेत, त्यांना सांगितलं तर म्हणाले, तुझी वाट लागलीय, डोक्यावर बर्फ ठेव.

दिवाळी झाली. डोंगरावरून वारं सुटलं. मी म्हटलं, आता काढा. तेव्हा मुलगा म्हणाला की ती धुवायला टाकलीय, हॉस्पिटलातून आलेली ना, जंतू असतात. मी म्हटलं, कुठं टाकलीस, मी घेऊन येतो. म्हणाला, लांब आहे, मी आणतो. आणि त्याच संध्याकाळी सून माझ्या खोलीत एक पांघरूण घेऊन आली, निळ्या फुलांच्या खोळीचं, मऊ, ढगासारखं.

"खास तुमच्यासाठी आणलंय, बाबा. गोधडी येईपर्यंत हे घ्या."

मी घेतलं. आणि खरं सांगतो, झोप लागली. हलकं होतं, उबदार होतं, माझ्या खोलीत एसी नाही त्यामुळे पहाटेच्या वाऱ्याला अगदी बेताचं. ही गेल्यापासून पहिल्यांदा मी सलग झोपलो. सकाळी मी सुनेला म्हटलं, झकास आहे गं. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, लाजली.

सगळी थंडी मी त्या पांघरुणाखाली काढली. गोधडीचं विचारत होतो, पण पूर्वीसारखं नेटानं नाही. हे आता आठवलं की स्वतःच्या अंगाची शिसारी येते. झोप लागत होती म्हणून माझी जीभ मऊ झाली होती.

मग होळी आली. हिच्या रीतीप्रमाणे मी ठरवलं, पांघरुणाला ऊन दाखवायचं आणि बांधून ठेवायचं. घरात कोणी नव्हतं. गच्चीत नेलं, खोळ काढली. पांढरं पांघरूण बाहेर आलं. कठड्यावर टाकताना काठ माझ्या हातात आला आणि त्यावर बोटाएवढा डाग. फिकट पिवळा, मध्ये लाल. धुतला होता, पण हळद कुठं एवढी सहज जाते? मग काठाच्या शिवणीत बोट घातलं. शिवण दुमडलेली होती, आत काहीतरी खरखरलं. काळे तीळ. चार-सहा असतील. तुळशीचं पान नव्हतं, ते वाळून उडालं असेल.

मी पांघरूण धरून तिथंच खाली बसलो. गच्चीवर शेजारच्या बाई पापड वाळत घालत होत्या, त्यांनी विचारलं, काका, चक्कर आली का? मी हो म्हटलं. काय सांगणार? बाई, मी माझ्या मेलेल्या बायकोचं पांघरूण घेऊन सगळी थंडी झोपलो, असं सांगू?

जे तिला दिलं होतं ते माझ्या अंगावर होतं. मग तिच्या अंगावर काय होतं?

आता कोणी म्हणेल, म्हातारबुवा, ह्या गोष्टींवर तुमचा विश्वास आहे का? मला माहीत नाही. मी फिटर माणूस, नट बसला की बसला, नाही बसला की नाही. पण दिलं म्हणायचं आणि द्यायचं नाही, ह्याला खोटं म्हणतात. ते देवाशी केलं काय, गुरुजींशी केलं काय की आईशी केलं काय.

संध्याकाळी मुलगा आला. मी पांघरूण जेवणाच्या टेबलावर ठेवलं, डाग वर करून, आणि तीळ बशीत. त्यानं बघितलं. बूट पण काढले नव्हते. खुर्ची ओढून बसला आणि सगळं ओकला.

झालं असं होतं. बाराव्याला मी जिन्यात जाऊन बसलो तेव्हा गुरुजी मुलाला म्हणाले होते की त्यांची खोली लहान, हे फुगीर पांघरूण ठेवायला कपाट पुरायचं नाही, घडी होईल असं काही असेल तर द्या. डिकीत गोधडी होती. ह्यानं जाऊन ती आणली आणि गुरुजींच्या पिशवीत घातली. पांढऱ्या पांघरुणावर पाणी सोडून झालेलं होतं, ते डिकीत टाकून घरी आणलं. एवढं महागाचं टाकवेना म्हणून धुतलं आणि ठेवून दिलं. मग थंडी पडली, मी गोधडी मागत राहिलो, तेव्हा खोळ घालून माझ्या खोलीत.

"आणि मला खण सांगत होतास. धुवायला टाकलीय म्हणत होतास."

"बाबा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"तुला बोलायला लागू नये म्हणून."

सून ओट्यापाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आईच म्हणाल्या होत्या. हॉस्पिटलात. मी गेले की ती जुनी वाकळ टाकून द्या, ह्यांना धरून बसू देऊ नका."

हे सुनेनं आधी कधी सांगितलं नव्हतं. खोटं बोलत असेल तर फार चांगलं खोटं होतं, कारण ही असंच बोलली असती. शब्द न् शब्द हिचा. आणि खरं असेल तर मग ही पण त्यांच्यात सामील. मला सोडून सगळे त्यांच्यात. माझ्या झोपेबद्दल माझ्या घरात तीन माणसांनी ठरवलं, त्यातलं एक मरायला टेकलेलं, आणि मला कोणी विचारलं नाही. मी लहान पोर आहे काय, की दूध तोडायचं म्हणून आईनं कडू लावून ठेवायचं?

मी मुलाला एवढंच विचारलं, "कोपरा चोळून झोपायचास. पिशवीत घालताना हाताला तांदूळ लागले नाहीत?"

तो रडला. रडला म्हणून मी विरघळलो नाही.

गुरुजींचा पत्ता घेतला. घाटकोपरला डोंगरावर राहतात. मुलगा म्हणाला, मी गाडीनं सोडतो. मी म्हटलं, त्या डिकीत आता काही ठेवायचं नाही. मुलुंडहून बस धरली, पांढरं पांघरूण मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्या मांडीवर माझ्यापेक्षा उंच. कंडक्टर पोरगा गमतीदार होता. "काका, सासरी निघालात काय गादी घेऊन?" मी म्हटलं, गादी नाही, पांघरूण, आणि माझं नाही. "मग कोणाचं?" बायकोचं, म्हटलं. "काकी कुठं?" मी वर बोट केलं. पोरगा ओशाळला, आणि पिशवी आडवी येत होती ती स्वतः उचलून मागच्या सीटवर ठेवली.

पायऱ्या चढून गुरुजींची खोली शोधली. दहा बाय दहाची. भिंतीला लागून गाद्याच गाद्या, जागा नाही हे तरी कोणी खोटं बोललं नव्हतं. गुरुजी बाहेर गेले होते. त्यांची बायको होती, साठीची, बारीक. मांडीवर तान्हं नातवंड. मी कोण, कशाला आलो, ते सांगितलं. म्हटलं, हे पांढरं पांघरूण पाणी सोडून दिलेलं, हे तुमचं. ती गोधडी पाणी न सोडता दिलेली, ती दान नव्हे, ती अदलाबदल. ती मला परत द्या. वाटेत हे सगळं घोकून आलो होतो.

बाई म्हणाल्या, "आजोबा, ती मी कापली."

मला आधी कळलंच नाही. कापली म्हणजे?

"एक बाजू जड, एक बाजू हलकी. अशी गोधडी मी कधी बघितली नव्हती. मला वाटलं, दोन जोडून शिवल्यात. हलकी बाजू ह्याच्यासाठी ठेवली." बाळावरचा कपडा त्यांनी जरासा सारला. त्याच साड्या. हिरवी, काठाला पिवळा पट्टा असलेली, मी पहिल्या बोनसला घेतलेली. माझी बाजू. तान्ह्याचं बोट कोपऱ्यात अडकलेलं. "खरंच सांगते, ह्याशिवाय तो झोपत नाही. कोपऱ्यात काय आहे हो? खुळखुळ्यासारखं लागतं."

"तांदूळ."

"अगं बाई. मी म्हणत होते."

मी मागू शकलो असतो. हक्क होता. पण तान्ह्याच्या अंगावरून ओढायला माझा हात उठला नाही, आणि त्याचा पण मला राग आला. ज्यांनी घोटाळा केला ते मुलुंडला जेवत होते आणि इथं समोर ज्यांचा काही दोष नाही अशी दोन माणसं.

बाई उठल्या. गाद्यांच्या खालून जड अर्धा भाग काढला. देवळात बसायला आसन करू म्हणून ठेवला होता, पण जाड फार, सुई जात नव्हती, म्हणून राहिला. कापलेल्या काठाला त्यांनी धावदोरा घातला होता, पांढऱ्या दोऱ्यानं, मोठे मोठे टाके. हिचे टाके तांदळाएवढे. मी गोधडी नाकाला लावली. साबणाचा वास. चांगला स्वच्छ, परक्या घरच्या साबणाचा. बाई घाबरून म्हणाल्या, मी धुतली हो नीट. मी म्हटलं, तेच ना.

पांढरं पांघरूण त्यांच्याकडे ठेवून आलो. जागा नाही म्हणत होत्या. मी म्हटलं, ते तिचं आहे, तिच्या नावानं पाणी सोडलंय, तुमच्याकडे आलं की तिला पोचलं. मग कोणाला द्यायचं ते द्या. ती आता निदान झाकली गेली.

आता मे महिना आहे. मुलुंडला सुद्धा वारं नाही. माझ्या खोलीत पंखा फिरतो आणि गरम हवाच परत फेकतो. मी ते खाकी अर्धं अंगावर घेतो. माझेच शर्ट. भट्टीपुढं ज्यात मी घामानं भिजायचो त्यातच परत भिजतो. उशी ओली होते. सून सकाळी चादर बदलते. परवा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, बाबा, एवढ्या उकाड्यात कशाला, तुम्हाला जड कधी सोसलंच नाही. मी म्हटलं, माझी पातळ बाजू गेली, जी राहिली ती घेतो. मग त्यानं माझ्या खोलीत एसी लावून देऊ का, म्हणून विचारलं.

मी नको म्हटलं आणि कूस बदलली. वजनामुळे कूस बदलायला वेळ लागतो. ती रोज एवढं अंगावर घेऊन कशी झोपायची कोण जाणे. मला अजून जमत नाही. कोपरा तेवढा हातात धरतो.